चार वार आणि पाचवा हात : मराठी कथनातील शस्त्रविद्या

लोकमान्य टिळकांनी प्रकाशात आणलेल्या जेधे शकावलीत शके १५८३ च्या फाल्गुनात, म्हणजे इ. स. १६६२ च्या आरंभी, मिऱ्या डोंगरावर नामदारखानावर चालून गेल्याची त्रोटक नोंद आहे. पेणच्या परिसरातील मिरगडाशी या नोंदीचा संबंध जोडला जातो. कोणी कोणता पवित्रा घेतला, कोणाचा वार कसा चुकवला गेला, यांविषयी शकावली अर्थातच मौन पाळते. ती शकावली आहे, बखर नव्हे. परंतु या मौनामुळे एक प्रश्न उपस्थित होतो. पेण-रोह्याच्या टापूत मिरगड, अवचितगड, सुरगड, घोसाळगड असे किल्ले दाटीने उभे आहेत. येथील डोंगरवाटांवर पिढ्यान्‌पिढ्या शस्त्र वापरले गेले. तरीही शस्त्र चालवण्याच्या कौशल्याचे, म्हणजे शिकून, घोटून, हाडीमाशी खिळवून मिळवलेल्या विद्येचे, मराठीत नेमके कथन कोठे होते? आणि जेथे होते तेथून ते पुढच्या माध्यमांत जाताना त्याचे काय होते?

'माध्यम' हा शब्द येथे व्यापक अर्थाने घ्यावा लागेल. वृत्तपत्र, चित्रपट आणि दूरदर्शन यांनी लढवय्याचे विकृत चित्र उभे केले, अशी तक्रार आता रूढ झाली आहे. ती खोटी नाही, पण उथळ आहे. विकृतीचा आरंभ कॅमेऱ्यापाशी होत नाही. पोवाडा, कादंबरी, भिंतीवरचे छापील चित्र, शाळेच्या स्नेहसंमेलनातील प्रवेश या सर्वांनी आपापल्या परीने ही विद्या हाताळली आहे. चित्रपटाला ती बव्हंशी तयार स्थितीत मिळाली.

या दृष्टीने कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीतील अफजलखान-भेटीचा प्रसंग पुन्हा वाचण्यासारखा आहे. बखर जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून १६९७ च्या सुमारास सिद्ध झाली. प्रसंग १० नोव्हेंबर १६५९ चा. मधे अडतीस वर्षांचे अंतर आहे, तेव्हा सभासदाचा शब्द प्रत्यक्षदर्शी पुरावा म्हणून घेता येणार नाही. परंतु प्रस्तुत विवेचनात महत्त्व आहे ते घटना कशी घडली याला नव्हे, तर निवेदक ती कोणत्या भाषेत सांगतो याला. खान पडल्यावर सैद बंडा पट्टा घेऊन राजांवर धावतो. राजे जिवा महालाजवळ असलेला स्वतःचा पट्टा घेतात. एका हाती पट्टा, दुसऱ्या हाती बिचवा, आणि या दोहोंची 'कातर' करून ते सैद बंड्याचे चार वार निभावतात. पाचव्या हाताला राजांवर वार बसणार, तोच जिवा महाला फिरंगेने सैद बंड्याच्या खांद्यावर घाव घालून त्याचा पट्ट्याचा हात शस्त्रासकट तोडतो.

हे वर्णन चार-दोन वाक्यांचे आहे, पण त्यात निवेदक जे जाणतो ते विलक्षण आहे. तो वार मोजतो. 'हात' हा शब्द तो तालमीतल्या अर्थाने, म्हणजे शस्त्राचा एक पुरा फेरा या अर्थाने वापरतो. 'कातर' हे अलंकरण नव्हे. ती एक क्रिया आहे. लांब पाते आणि आखूड पाते एकमेकांना छेदून धरायचे आणि येणारे पाते त्या फुलीत अडकवायचे. ही क्रिया का करावी लागली, हेही जाणकाराला न सांगता कळते. पट्ट्याची मूठ तलवारीसारखी नसते. तिला कोपरापर्यंत चढणारा लोखंडी खोबळा असतो, आतल्या आडव्या दांडीवर मूठ आवळलेली असते आणि मनगट त्यात बंदिस्त होते. तलवारीचा मनगटी झटका पट्ट्याला नाही. वार खांद्यातून, कोपरातून आणि कमरेच्या वळणातून यावा लागतो. म्हणून पाय सतत चालता लागतो आणि म्हणून पट्टेकऱ्याचे हात एकामागून एक साखळीने येतात. साखळी तुटली की पट्टेकरी उघडा पडतो. सभासदाने चार वार सांगून पाचव्यावर प्रसंग फिरवला, त्यात ही साखळी जिवंत आहे. सैद बंडा या वर्णनात मूर्ख खलनायक नाही. तो निष्णात आहे, इतका की प्रत्यक्ष राजांना त्याचा पाचवा हात भारी जातो. प्रतिपक्षाच्या कौशल्याची अशी कबुली नायकाच्या कौशल्याची प्रतही ठरवून जाते.

सभासदाला हे का साधले? त्याचा श्रोता शस्त्र चालवणारा होता, हे एक उत्तर. जिंजीच्या दरबारात ज्यांच्यासमोर ही बखर वाचली जाणार होती त्यांच्यापुढे खोटा हात सांगून भागले नसते. निवेदक आणि श्रोता यांच्यात सामाईक असलेले ज्ञान संहितेच्या भाषेला आवर घालत होते. याच प्रसंगाचे परमानंदाच्या 'शिवभारता'तील रूप ताडून पाहावे. सदाशिव महादेव दिवेकर यांच्या संपादनाने १९२७ साली प्रसिद्ध झालेले हे संस्कृत काव्य समकालीन, म्हणजे बखरीहून जुने. तेथे वाघनखे नाहीत, तलवार आहे. आणि शिवाजी बाहुयुद्धात निपुण असल्याने खानाच्या पकडीतून निसटतो, असे कवी सांगतो. हीदेखील विद्येचीच नोंद आहे, केवळ ती कुस्तीच्या अंगाने केलेली आहे. मात्र महाकाव्याचे संकेत लवकरच कवीचा ताबा घेतात आणि प्रत्येक वीर दुसऱ्या कोणत्याही महाकाव्यातल्या वीरासारखा दिसू लागतो.

आता लोकमानसातील जिवा महाला पाहावा. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण सर्वतोमुखी आहे आणि चित्रांत, पुतळ्यांत, देखाव्यांत जिवाच्या हाती बहुधा दांडपट्टा असतो. बखरीत मात्र त्याच्या हाती फिरंग आहे. पट्टा राजांचा आहे आणि तो केवळ त्याच्याजवळ दिलेला आहे. फरक क्षुल्लक वाटेल. तसा तो नाही. फिरंग हे सरळ, लांब पात्याचे शस्त्र. पट्ट्याच्या फेऱ्यात न शिरता, चौथा हात सरून पाचवा उचलला जात असताना खांद्यावर नेमका घाव घालणे, यात जिवाचे कौशल्य आहे. ते वेळेचे आणि अंतराचे कौशल्य आहे. पट्टा दिल्याने हे कौशल्य पुसले जाते आणि गरगर फिरणाऱ्या पात्याचा देखावा तेवढा हाती राहतो. म्हणीने तर आणखी एक पाऊल पुढे टाकले आहे. तिने जिवाला स्वामिनिष्ठ केले, तालीमबाज राहू दिले नाही. परंपरेने न्हावी समाजातला मानला गेलेला हा पुरुष राजाच्या अंगरक्षकांत का होता, याचे उत्तर निष्ठा हे असू शकत नाही. निष्ठावंत पुष्कळ होते. तो तेथे होता, कारण त्याचा हात चांगला होता.

तानाजीच्या बाबतीतही असेच घडले आहे. उमरठ हे गाव रायगड जिल्ह्यातच, पोलादपूर तालुक्यात येते, त्यामुळे पेण-रोह्याच्या वाचकाला ही कथा घरची वाटते. सभासदाने सिंहगड कसा चढला हे सांगितले आहे : निवडून काढलेले दोन मर्दाने मावळे कडा चढून जातात, वर पोचून माळ लावतात आणि मग बाकीचे वर येतात. घोरपड नाही. घोरपड तुलसीदासाच्या पोवाड्यात आहे आणि ती तेथे शोभते. पोवाडा हा फडावर म्हणायचा, श्रोत्याला अचंबा वाटायला लावणारा प्रकार आहे. पण पुढे झाले असे की दोन अनामिक गिर्यारोहकांचे कसब विस्मृतीत गेले आणि सरपटणाऱ्या प्राण्याचे नाव शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचले. उदेभानाशी झालेल्या झुंजीतही सभासद ढालीचा तपशील देतो. तानाजीची ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही, तेव्हा तो डाव्या हाताचीच ढाल करतो आणि दोघेही एकमेकांच्या वारांनी पडतात. हा शस्त्रविद्येतला हिशोबी निर्णय आहे. कोणते अंग खर्ची घालायचे आणि कोणते राखायचे, हे त्या क्षणी ठरवता येणे याला तालीम लागते. हरि नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीच्या शीर्षकात तानाजी सिंह झाला आणि मग तो हिशोब करीनासा झाला. सिंह शिकत नाही, तो जन्मतःच सिंह असतो. १० जानेवारी २०२० रोजी प्रदर्शित झालेल्या 'तान्हाजी' या हिंदी चित्रपटात 'नागीण' नावाची प्रचंड तोफ कथेच्या केंद्रस्थानी आली, तेव्हा तर ढालीला जागाच उरली नाही.

येथे आपट्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्या वाचकाला पट्ट्याचा हात ठाऊक असण्याची शक्यता मावळली होती, आणि त्यामागे वाङ्मयबाह्य कारण होते. १८१८ नंतर शस्त्रजीवी वर्गाचे जीवनच पालटले. १८७८ च्या शस्त्रास्त्र कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला. विद्या जगायची तर तिला निरुपद्रवी व्हावे लागले. ती 'खेळ' झाली. 'मर्दानी खेळ' या आज अभिमानाने उच्चारल्या जाणाऱ्या संज्ञेत हा पराभव दडलेला आहे, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. फरीगदगा, बोथाटी, विटा, माडू, लाठी, बनेटी आणि पट्टा यांची परंपरा तालमींतून टिकली, ती उत्सवातले प्रात्यक्षिक म्हणून. प्रात्यक्षिकाचा न्याय झुंजीच्या न्यायाहून वेगळा असतो. झुंजीत वार दिसू नये यात कसब. प्रात्यक्षिकात तो दिसलाच पाहिजे. तळहातावरचे लिंबू पट्ट्याने कापणे ही पात्यावरच्या ताब्याची खरी कसोटी आहे, ती खोटी नव्हे. परंतु लिंबू उलट वार करीत नाही. पाहणाऱ्या पत्रकाराने वा चित्रपट-दिग्दर्शकाने लिंबू कापण्यालाच शस्त्रविद्या मानले, तर त्याला एकट्याला जबाबदार धरता येणार नाही. त्याच्यासमोर तेवढेच उरले होते.

ज्यांनी या अवनत स्थितीतही विद्येची संज्ञाव्यवस्था जपली त्यांचे ऋण मराठी समीक्षेने मानलेले नाही. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून १९३६ पासून खंडशः प्रसिद्ध केलेला 'व्यायामज्ञानकोश' हा ग्रंथ वाङ्मयाचा अभ्यासक चुकूनही उघडत नाही. बखरीतला 'हात', 'पवित्रा' किंवा 'कातर' समजून घ्यायचा तर शब्दकोशापेक्षा असल्या ग्रंथाकडे वळावे लागते. ऐतिहासिक कादंबरीचे मूल्यमापन करताना आपल्याकडे काळाची भाषा, पोशाख, रीतिरिवाज यांची चिकित्सा होते. तलवार मात्र सर्वत्र 'सपकन' फिरते आणि 'खण्‌कन' वाजते. समीक्षकाला त्यात काही खटकत नाही.

या विद्येचे शिक्षक कोण होते, हा प्रश्न अधिक अवघड आहे. पनवेलहून पेणकडे येताना वाटेत शिरढोण लागते. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म तेथे १८४५ साली झाला. फडक्यांनी पुण्यात शस्त्रविद्या शिकली ती लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत, आणि जोतीराव फुल्यांचे दांडपट्ट्याचे शिक्षणही त्यांच्याकडेच झाले, असे चरित्रपरंपरा सांगते. मातंग समाजातला वस्ताद, माळी समाजातला एक शिष्य आणि चित्पावन ब्राह्मण दुसरा : हे दृश्य एकोणिसाव्या शतकाच्या कोणत्याही मराठी कादंबरीला हेवा वाटावा असे आहे. तालमीत अधिकार ठरतो तो हातावरून. पण चरित्रनायकाच्या कथनात वस्तादाला बहुधा एका परिच्छेदाची जागा मिळते, आणि तीही नायकाच्या तेजाची प्रस्तावना म्हणून. शौर्य रक्तात असते, असे एकदा ठरले की शिकवणारा अनावश्यक होतो. शस्त्रविद्येच्या विकृत चित्रणात सर्वांत मोठे नुकसान पात्याचे नव्हे, या शिकवणाऱ्यांचे झाले आहे. ज्या जातींच्या हाती जमीन नव्हती, पोथी नव्हती, पण हात होता, त्यांचे ते एकमेव भांडवल 'अंगभूत वीरश्री'च्या खात्यात, म्हणजे पुष्कळदा दुसऱ्याच कोणाच्या नावावर, जमा झाले.

चित्रपटाने या सर्वांत स्वतःची भर घातली ती संकलनाच्या मेजावर. वार उचलला जातो, चित्र तुटते, शत्रू पडतो. मधला क्षण, ज्यात विद्या असते, तोच कापला जातो. मंदगती चित्रणात तो क्षण लांबवला जातो खरा, पण तेव्हा लक्ष पायाकडे नसते, चेहऱ्याकडे असते. नायक जिंकतो तो अधिक संतापल्यामुळे. कोणताही वस्ताद सांगेल की राग आलेला पट्टेकरी आधी स्वतःला कापून घेतो. हे अटळ आहे असेही नाही. अकिरा कुरोसावाच्या १९५४ च्या 'सेव्हन सामुराय'मध्ये दोन सामुराय आधी काठ्यांनी खेळतात. एकाला वाटते बरोबरी झाली. दुसरा शांतपणे म्हणतो की खरी तलवार असती तर तू मेला असतास. पहिला हट्टाने तलवार उपसतो आणि तसेच होते. चेव नाही, आरोळी नाही. प्रेक्षकाला आधी न दिसलेले कौशल्य नंतर दिसते, म्हणजे दिग्दर्शक प्रेक्षकालाच शिकवतो. आपल्या पडद्यावर सभासदाचे चार वार आणि पाचवा हात मोजून दाखवणारा प्रसंग याच जातीचा होऊ शकला असता.

त्याऐवजी बाहेरून आलेल्या प्रतिमांनी रिकामी जागा भरली. ब्रूस लीचा 'एंटर द ड्रॅगन' १९७३ चा. त्यानंतरच्या दोन दशकांत तालुक्याच्या गावांपर्यंत कराटेचे वर्ग पोचले. आज पेणच्या वा रोह्याच्या शाळकरी मुलाला 'पट्टा' म्हटले की कमरेचा रंगीत पट्टा आठवतो, खोबळ्यातला नव्हे. भाषेची ही थट्टा सौम्य आहे, पण बोलकी आहे. कराटेने निदान शिकण्याच्या पायऱ्या डोळ्यांना दिसतील अशा ठेवल्या. आपल्या वीरकथांनी त्या कधीच दाखवल्या नव्हत्या.

पेण हे मूर्तिकारांचे गाव. पेण, हमरापूर, जोहे येथील कारखान्यांतून निघणाऱ्या गणेशमूर्ती देशाबाहेरही जातात. २०१४ साली 'जय मल्हार' ही मालिका लोकप्रिय झाली आणि गणपतीने खंडोबाचे रूप धारण केले. पुढे 'बाहुबली'चाही अवतार बाजारात आला. भक्तीच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. गणपतीने आजवर पुष्कळ वेष घेतले आहेत. परंतु मूर्तीतले शस्त्र पाहावे. ते पडद्यावर जसे धरलेले असते तसे, म्हणजे वार करण्यासाठी नव्हे तर दिसण्यासाठी, धरलेले असते. शाडूत वा प्लास्टरमध्ये एकदा घट्ट झालेला हा पवित्रा घराघरांत जातो आणि पाहणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत तोच प्रमाण होतो. रोह्यात ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला सशस्त्र पोलिसांची मानवंदना दिली जाते. वीरदैवताला राज्यसत्तेने शस्त्र उचलून वंदन करावे, ही घटना अर्थपूर्ण आहे आणि छायाचित्रकारांची गर्दी तेथे स्वाभाविक आहे. तेथील शस्त्र मात्र संचलनाचे आहे. खालूबाजाच्या तालावर पालखी नाचवणाऱ्यांच्या पायांत कदाचित जुन्या पवित्र्याचा अंश अधिक सापडेल.

याच मुलखाच्या माथ्यावर उंबरखिंड आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाची फौज सह्याद्री उतरून कोकणातली ठाणी घेण्यासाठी निघाली होती. खिंडीत पाणी नाही, पुढे वाट नाही आणि मागे वळता येत नाही अशा जागी ती कोंडली गेली व खानाने शरणागती पत्करून आपली सुटका करून घेतली. या विजयाचे कौशल्य कोणत्याही पात्यावर दाखवता येत नाही. झाडीत किती वेळ निश्चल बसावे, आवाज कोठून घुमतो, कोणत्या क्षणी पहिला बाण सोडावा, हे ती वाट रोज तुडवणाऱ्याचे ज्ञान. शिवभारतकाराने या प्रसंगाला विस्तार दिला आहे. लोकप्रिय माध्यमांत मात्र प्रतापगड आणि पावनखिंड यांच्या तुलनेत उंबरखिंड मागे राहिली. नायकाचा हात दिसत नाही तेथे त्यांना सांगण्यासारखे काही आढळत नाही.

२०२४ हे वर्ष या संदर्भात दुहेरी ठरले. फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला आणि जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या कराराने साताऱ्याच्या संग्रहालयात आली. ही वाघनखे साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडे होती. ती शिवाजी महाराजांनीच वापरली होती याची खात्री देता येत नाही, असे त्या संग्रहालयानेच स्पष्ट केले आहे. वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर वाद झाला तो अस्सल की नक्कल एवढाच. वाघनखांचा हात कसा चालतो हे विचारणारे त्यांत अभावानेच होते. सभासदाने ती डाव्या हातात घातली आहेत आणि बिचवा उजव्या हातात दिला आहे : आलिंगनात अंग भिडलेले असताना आधी आखूड शस्त्राने पोट फाडायचे आणि मग दुसऱ्या हाताने खोल मारा करायचा, असा त्याचा क्रम आहे. दोन अंगठ्या बोटांत जातात, पट्टी बोटांआड राहते आणि नखे तळव्याच्या आत वळतात. समोरच्याला दिसतात त्या केवळ अंगठ्या. काचेच्या पेटीत ती उघडी मांडावी लागतात, नाही तर पाहणाऱ्याला काहीच दिसणार नाही.